प्रतिपालकाच्या हक्काचा पैसा

परक्या मुलाला घरी आणायचे आणि त्यासाठी सरकारकडून पैसेही घ्यायचे, ही कसली माया? प्रतिपालकत्वाचा विषय निघाला की हा आक्षेप सर्वांत आधी पुढे येतो. तो घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण आक्षेप साफ चुकीचा आहे.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 44 वाचा. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी ते प्रतिपालक कुटुंबावर टाकते, आणि त्या कुटुंबाला दरमहा निधी देण्याचे बंधन राज्यावर घालते. मूल घरात येते ते बालकल्याण समितीच्या आदेशाने, परत जाते तेही आदेशाने. शासनाने करायचे काम जे घर आपल्या चुलीवर करते, त्याचा खर्च भरून देणे म्हणजे उपकार नव्हे. आईबाप नसलेल्या भाच्याला सांभाळणाऱ्या मावशीच्या मायेवर आपण कधी शंका घेत नाही. तिच्या हातात चार पैसे पडले म्हणून ती माया उणी कशी होईल?

पैशासाठी लोक मुले नेतील, असेही म्हणतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेचा दर मुलामागे महिना 4000 रुपये आहे, म्हणजे दिवसाला सुमारे 133. त्यात दूध, वह्या, बूट, शाळेची रिक्षा आणि तापाचे औषध बसवायचे. लोभी माणूस या हिशेबाकडे फिरकणारही नाही. गैरवापराची भीती खरी आहेच. पण तिच्यावर इलाज म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने नेमाने घरी जाणे आणि मुलाशी एकांतात बोलणे. रक्कम तुटपुंजी ठेवून लबाड अडत नाहीत, शाळेतली शिक्षिका किंवा बँकेतला कारकून मात्र मागे फिरतो.

दत्तकच का घेत नाही, हा प्रश्न तर मुलांची परिस्थितीच विसरतो. कुणाची आई दीर्घ आजारी असते, कुणाचा बाप तुरुंगात. ही मुले कायद्याने दत्तक देता येत नाहीत. त्यांना हवे असते ते काही महिन्यांचे, काही वर्षांचे घर.

आता कराकडे वळू. आपल्याकडे या बाजूने फारसे कुणी बोलत नाही. आयकर कायद्याच्या व्याख्येत अपत्यामध्ये सावत्र आणि दत्तक मुलांचा समावेश केला आहे. प्रतिपालकाकडच्या मुलाचा उल्लेख तिथे नाही. शाळेच्या शुल्काची वजावट असो वा अपंग अवलंबितासाठीची, जुन्या करप्रणालीतले हे दरवाजे त्याच व्याख्येवर उघडतात. अपंग मुलाला घरात घेणाऱ्याचा खर्च सर्वांत जास्त, आणि नेमका तोच बाहेर राहतो. नव्या प्रणालीत या वजावटी नाहीतच, मग ओरड कशाला, असे कुणी विचारील. म्हणूनच मागणी आणखी पुढची हवी: प्रतिपालकाला मिळणारा भत्ता करमुक्त आहे, असे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहा. अमेरिकेच्या करसंहितेत कलम 131 हेच करते. ब्रिटनमध्ये 2003 पासून प्रतिपालकांना खास सवलत आहे. 2023-24 मध्ये प्रत्येक घरासाठी 18,140 पौंड आणि त्यावर प्रत्येक मुलामागे आठवड्याची वेगळी रक्कम करातून वगळली होती.

करसवलतीने गरीब आजीला काय मिळणार? काहीच नाही, हे मान्य. महाराष्ट्रातल्या बालसंगोपन योजनेत नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला प्रश्न रकमेचा आहे. ती 1100 वरून 2250 रुपये झाली, तरी वात्सल्यच्या दरापेक्षा कितीतरी मागे आहे. तिथे आधी रक्कम वाढवा आणि ती वेळेवर द्या.

करसवलतीच्या दृष्टीने चंडीगडची गोष्ट निराळी आहे. हे पगारदारांचे शहर. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली, आणि कर भरणारी अशी माणसे इथल्या सेक्टरांत कमी नाहीत. शिवाय विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशात वात्सल्यचा 100 टक्के खर्च केंद्राचा असतो. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांच्यातल्या 60 आणि 40 च्या वाटणीवरून जी टोलवाटोलवी होऊ शकते, तिला इथे जागाच नाही. पैसा देणारे केंद्र, आयकर आकारणारेही केंद्र. 4000 चा आकडा महागाई निर्देशांकाला जोडणे, भत्ता महिन्याच्या सुरुवातीला खात्यात टाकणे आणि समितीचा आदेश हाच अवलंबित मुलाचा पुरावा मानणे, या तिन्ही गोष्टींची सुरुवात केंद्राने चंडीगडपासून करावी.