हलाल झालं, तय्यबचं काय?

येरमाळ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. आमच्या बाजारात सुकट-बोंबील मिळतात, पण तिसऱ्या, कालवं, खुबे कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलेही नाहीत. तरी शिंपल्यातल्या विषाणूंबद्दल इथं बसून लिहावंसं वाटलं, कारण त्या शिंपल्याची गोष्ट शेवटी आपल्या हंड्यापर्यंत येते.

मुस्लिम समाजात शिंपल्यांची चर्चा निघाली की ती हलाल-हरामवर जाते. मराठवाड्यातले बहुतेक मुस्लिम हनफी. हनफी फिकहनुसार समुद्रातली फक्त मासळी चालते, शिंपले चालत नाहीत. झिंग्याला मासळी म्हणायचं की नाही यावर उलेमांमध्येच मतभेद आहेत. कोकणातले मुस्लिम शाफई, त्यांच्याकडे तिसऱ्यांचं कालवण आवडीनं होतं. हा वाद शेकडो वर्षांचा आहे आणि चालत राहील. पण कुरआनात हलालच्या जोडीनं तय्यब हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, अंगाला मानवणारं. हलालवर आपण रात्र जागवतो, तय्यबवर मात्र दोन मिनिटंही बोलत नाही.

शिंपला जागचा फारसा हलत नाही. पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीक अन्न गाळून घ्यायचं आणि पाणी सोडून द्यायचं, असा त्याचा संसार. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं. त्या खाडीत गावाचं मैलापाणी येत असेल, तर त्यातले नोरोव्हायरस आणि काविळीचे विषाणूही त्याच्या पोटात साठत जातात. शिंपला स्वतः आजारी पडत नाही, त्याला वासही येत नाही. स्वच्छ पाण्यात ठेवले तर जिवाणू बऱ्यापैकी निघून जातात, विषाणू मात्र चिवटपणे राहतात. वाफेवर शिंपला उघडला म्हणजे शिजला, हा समजही खोटा आहे. तो उघडतो लवकर. काविळीचा ‘अ’ विषाणू मारायचा तर आतलं मांस ९० अंशांवर दीड मिनिट तरी राहावं लागतं.

१९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात याचा हिशेब चुकता झाला. मैलापाण्यानं दूषित झालेल्या किनाऱ्यावरचे शिंपले बाजारात आले. लोकांनी ते रिवाजाप्रमाणे उकळत्या पाण्यातून नुसते काढून खाल्ले आणि सुमारे तीन लाख माणसांना कावीळ झाली. यात शिंपल्याचा दोष एवढाच, की आपण पाण्यात जे सोडलं ते त्यानं इमानेइतबारे सांभाळून ठेवलं.

आता समुद्र सोडून इकडे येऊ. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. तिथं शिंपला नव्हता, पंचगंगेचं पाणी होतं. ही कावीळ ‘ई’ विषाणूची, गर्भवती बाईच्या जिवावर बेतणारी. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात ‘गुइलेन बॅरे’ची साथ आली आणि रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. संशय विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्यावर गेला. गप्पा मात्र कोंबडी खावी की नाही, यावर रंगल्या.

आपली खोड ही आहे. रोग आला की आपण ताटातला पदार्थ शोधतो, नाहीतर तो वाढणारा माणूस शोधतो. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावडयात्रेच्या मार्गावरच्या दुकानांनी मालकांची नावं लावावीत असा हुकूम निघाला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली; कुठला पदार्थ विकता ते लिहा, नाव लिहायची सक्ती नको, असं सांगितलं. ‘थुंकी’च्या व्हिडिओंनी मोबाईल भरलेले असतात. कुणी खरोखर अन्न नासवत असेल तर त्याला कायद्यानं शिक्षा व्हावी, तो कुणीही असो. पण नावाच्या पाटीनं नोरोव्हायरस अडत नाही. आजारी पडायला त्याचे दहा-वीस कण पुरतात. रुग्ण बरा झाल्यावरही दोन-दोन आठवडे त्याच्या शौचातून ते बाहेर पडत राहतात. बाटलीतलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. म्हणून हॉटेलात विचारायचा प्रश्न ‘मालक कोण’ हा नाही. ‘आचाऱ्याला संडास कुठे आहे, तिथं नळ आणि साबण आहे का, जुलाब झाले तर त्याला पगारी सुट्टी मिळते का’, हे विचारायला हवं. रोजंदारी बुडेल या भीतीनं जो पोरगा जुलाब लपवून भाजी चिरतो, त्याला जात-धर्म विचारून काय उपयोग?

येरमाळ्यात हे रोजच्या जगण्याशी येऊन भिडतं. सोलापूर-धुळे महामार्ग गावाजवळून जातो, धाबे चोवीस तास चालू असतात. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला लाखो माणसं येतात, चुन्याचे खडे वेचतात. सगळ्या जातींची आणि धर्मांची दुकानं त्या गर्दीवर वर्षाची बेगमी करतात. चैत्र म्हणजे आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या आणि टँकर सुरू झालेले. या दिवसांत एका हातगाडीच्या बादलीत किती हात बुडतात, ते मोजून पाहावं.

म्हणून मागणी साधी आहे. यात्रेआधी प्रत्येक टँकरच्या आणि विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासून तारखेसह फलक लावा. खाण्याच्या रांगेला लागून पुरेशी शौचालयं आणि साबणासह नळ द्या. मैला ओढणाऱ्या गाड्या तो कुठे रिकामा करतात याची नोंद ठेवा. उरूस असो की महाप्रसाद, इफ्तार असो की भंडारा, सगळ्यांना हाच नियम. मुंबईत मिठी नदीतून माहीमच्या खाडीत काय जातं आणि येरमाळ्यात ओढ्यात काय जातं, हा एकच प्रश्न आहे. आपण सोडलेलं आपल्याच ताटात परत येतं. ते अडवायचं काम आधी ग्रामपंचायतीचं आणि नगरपालिकेचं आहे, मौलवीचं आणि पुजाऱ्याचं त्यानंतर.