खापर्ड्यांच्या वाड्यातील कारभार

अकोल्यात 1908 साली झालेल्या शिवजयंतीच्या सभेची हकिकत गजानन विजय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायामुळे वऱ्हाडातल्या घरोघर पोहोचली आहे, आणि त्या सभेला लोकमान्य टिळक, शेगावचे गजानन महाराज आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे एकत्र आले होते हे पारायण करणाऱ्या कोणालाही सांगता येते. पुढे थोड्याच दिवसांत टिळकांना अटक झाली, जुलै महिन्यात सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, आणि ऑगस्टात दादासाहेब त्यांच्या खटल्याची दाद लावण्यासाठी विलायतेला निघाले ते दोन वर्षांहून अधिक काळ घरी परतले नाहीत. चरित्रकार येथून त्यांच्याबरोबर आगबोटीत बसतो, हे योग्यच आहे. मला मात्र आज अमरावतीच्या वाड्यातच थांबावयाचे आहे, कारण त्या वाड्याचा कारभार ज्यांच्या शिरावर राहिला त्या दादासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई खापर्डे यांच्याविषयी आपण फार थोडे बोललो आहोत.

दादासाहेब 1885 ते 1890 या काळात वऱ्हाडात मुन्सफ व असिस्टंट कमिशनर होते. सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली, ती अशी भरभराटली, आणि मिळकतीबरोबर त्यांचा राहणीचा थाटही असा वाढला, की लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणू लागले. नबाब म्हटला की त्याच्या पदरी माणसे आलीच. आप्त, आश्रित, शिकायला राहिलेले विद्यार्थी, गडीमाणसे आणि दोन दिवसांसाठी येऊन महिनाभर राहणारे पाहुणे मिळून त्या वाड्यात पन्नासांच्या घरात पाने मांडली जात. 1897 साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेबच होते, आणि त्या डिसेंबरात वाड्यातल्या चुलीला उसंत मिळाली नसेल हे सांगावयाला कोणत्याही दप्तराचा पुरावा नको. अधिवेशनाचे अध्यक्ष शंकरन नायर होते, हे शालेय पुस्तकातसुद्धा सापडेल. पंगतींची व्यवस्था कोणी पाहिली, हे मात्र कोठेही सापडणार नाही.

आमच्या शहरातल्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेखाली जी विशेषणे छापून येतात, प्रेमळ आई, आदर्श गृहिणी, पतिपरायण पत्नी, कुटुंबवत्सल आजी, त्यांचा मला अलीकडे कंटाळा येऊ लागला आहे. विशेषणे खोटी नसतात, परंतु ज्या बाईने चाळीस वर्षे कणग्या भरून ठेवल्या, बाळंतपणे उरकली, सुनांची भांडणे मिटविली आणि नवऱ्याने घातलेला खर्चाचा खड्डा कोणाला न कळू देता बुजविला, तिच्या अंगच्या हिशेबीपणाचा, धोरणाचा आणि प्रसंगी करारीपणाचा त्यांत मागमूसही नसतो. घरातील मुख्य कमावता पुरुष सातासमुद्रांपलीकडे असताना, वकिलीची आवक थांबलेली असताना, एवढा गोतावळा सांभाळणे याला जर आपण नुसती ‘निष्ठा’ म्हणणार असू, तर संस्थानचा दिवाण काय करतो याची आपल्याला कल्पना नाही असेच म्हणावे लागेल.

लक्ष्मीबाईंचे दर्शन होते ते राजकारणाच्या कागदांत नव्हे, तर एका ओवीबद्ध पोथीत. दादासाहेब 1911 च्या डिसेंबरात शिर्डीस गेले, सहकुटुंब राहिले, आणि गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनी साईसच्चरितात या दांपत्याची नोंद करून ठेवली. दाभोळकरांचा हेतू अर्थात साईबाबांचा महिमा वर्णन करण्याचा होता. तरीही पोथीकाराची नजर बारीक असल्यामुळे सत्ताविसाव्या अध्यायात लक्ष्मीबाईंनी नैवेद्यासाठी आणलेल्या ताटात सांजा, पुरी, भात, वरण, खीर असे काय काय होते हे आपल्याला समजते. एरव्ही नैवेद्य आला तरी तासन्‌तास वाट पाहावयास लावणारे बाबा त्या दिवशी लगबगीने उठून जेवावयास बसले, आणि इतरांच्या ताटांना विलंब व या ताटाला एवढी आतुरता का, असे माधवराव देशपांडे यांनी, म्हणजे शिर्डीकरांच्या शामाने, सरळ विचारले. त्यावर बाबांनी या बाईच्या पूर्वजन्मांची मालिका सांगितली आणि तिला रामनामाचा जप दिला, अशी कथा आहे. पूर्वजन्मांविषयी मी काही बोलण्यास अधिकारी नाही. पण त्या ताटात पिढ्यान्‌पिढ्यांचे पाकज्ञान होते, याविषयी माझ्या मनात संशय नाही.

दुसरा प्रसंग सातव्या अध्यायातला आहे. धाकट्या मुलाला ताप आला, गाठ उठली, प्लेगची शंका आली, आणि ही बाई घाबरून बाबांकडे धावली, अमरावतीस परत जाण्याची परवानगी मागू लागली. प्लेगने वऱ्हाडातली घरे कशी ओस पाडली हे जिने पाहिले असेल, तिला त्या क्षणी श्रद्धा आठवली नाही, आपले घर आठवले. आणि पोथीकाराने ही भीती झाकून ठेवली नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बाबांनी कफनी वर करून स्वतःच्या अंगावरच्या गाठी दाखविल्या, हा त्या कथेचा चमत्काराचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यातली आई अधिक जवळची वाटते.

एक गोष्ट मात्र गमतीची आहे. विलायतेपर्यंत ज्यांचे वक्तृत्व गाजले ते दादासाहेब बाबांपुढे मुकाट बसून राहत, असे दाभोळकर नमूद करतात, आणि त्यांच्याच हिशेबाप्रमाणे दादासाहेब शिर्डीस चार महिने राहिले व लक्ष्मीबाई सात. म्हणजे यजमान दावे चालविण्यासाठी अमरावतीस गेले आणि ‘पतिपरायण’ म्हणून जिची ख्याती, ती मागे राहिली! ज्या काळात बायको नवऱ्याच्या परवानगीवाचून माहेरीही जात नसे, त्या काळात तीन महिने अधिक राहणे हे सहज घडले नसेल. ते तिने मागून घेतले असावे, आणि तिच्यामागे वाडा चालला, यातच तिने घालून दिलेल्या शिस्तीची पावती आहे, असा माझा तर्क आहे. त्याच 1912 साली, जूनमध्ये, टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. पती मंडालेच्या तुरुंगात होते. त्या दोन घरांतील स्त्रियांनी किती वाट पाहिली, याचा जमाखर्च कोणत्याही चळवळीच्या इतिहासात मांडलेला नाही.

लक्ष्मीबाई 1928 साली निवर्तल्या. दादासाहेब त्यानंतर दहा वर्षे जगले आणि 1 जुलै 1938 रोजी गेले. पुत्र बाळकृष्ण यांनी वडिलांचे चरित्र लिहिले, ते 1962 साली प्रसिद्ध झाले, आणि दादासाहेबांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. आईचे चरित्र कोणी लिहिले नाही. तेव्हा अकोला-अमरावतीकडच्या ज्या वाचकांच्या घरी आजीच्या हातची खर्चाची वही, बाळंतविड्याची यादी, माहेरी धाडलेले पोस्टकार्ड किंवा पापड-कुरड्यांच्या मापाचा चिठोरा अजून माळ्यावर पडला असेल, त्यांना माझी विनंती आहे की यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याच्या काट्यावर घालू नये.