गोळी की ध्यान? बंदीच्या ६१ दिवसांत दोन्ही



१ जूनपासून मासेमारी बंदी. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले. जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाचं काम, रंगकाम हे सगळं ठरलेलंच असतं. पण या दोन महिन्यांत आपल्याकडे आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे पिणं. हाताला काम कमी, बाहेर पाऊस आणि बार दहा पावलांवर. दरवर्षी याच सुमारास घरच्या बायका, आया संस्थेच्या कार्यालयात येतात आणि खुर्चीवर न बसता उभ्या उभ्याच सांगतात, "काहीतरी करा हो."

यंदा सभासदांकडून दोन सूचना आल्या आहेत. पहिली, पिणाऱ्या खलाशाचं नाव यादीतून काढून टाका. दुसरी ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजवरून आली आहे: ध्यानाने मेंदूचं वायरिंगच बदलतं, औषधांची गरज नाही, तेव्हा संस्थेने एक शिबिर घ्यावं आणि विषय मिटवावा. आम्हाला दोन्ही सूचना जशाच्या तशा पटत नाहीत. का पटत नाहीत ते जरा सविस्तर लिहितो. आम्ही डॉक्टर नाही. पण या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते आपल्या भाषेत मांडतो.

आधी मेंदूचं. वारा एकाच बाजूने सतत लागत असला की तांडेल सुकाणू उलट बाजूला दाबून धरतो, तेव्हा कुठे होडी सरळ जाते. रोज पिणाऱ्याचा मेंदू हेच करतो. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू स्वतःला जागं ठेवण्यासाठी उलट जोर लावत राहतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे. आता वारा एकदम पडला तर काय होतं? सुकाणू दाबलेलंच असतं, होडी गर्रकन फिरते. दारू अचानक बंद झाली की मेंदूचं तसं होतं. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भलतंसलतं दिसायला लागतं, माणूस कुठे आहे तेच त्याला कळत नाही. यावर उपचार झाला नाही तर जीव जाऊ शकतो.

आता हे ट्रिपच्या हिशोबात बसवून बघा. जेटीवर असताना रोज पिणारा खलाशी आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला निघतो. बोटीवर दारू चालणार नाही हा तांडेलाचा नियम, आणि तो बरोबरच आहे. पण मग तिसऱ्या रात्री तो खलाशी डेकवर उभा राहून पाण्यात कोणाशी तरी बोलायला लागतो. बाकीचे म्हणतात, लागीर झालं. कोणी नारळ ओवाळतो, कोणी थोबाडीत देतो. ते लागीर नव्हे, तो आजार आहे. किनाऱ्यावर असता तर इस्पितळात औषधाने आटोक्यात आला असता. भर समुद्रात अशा माणसाला आधी कठड्यापासून दूर आत घ्यायचं, एक माणूस सतत जवळ ठेवायचा, तटरक्षक दलाशी व्हीएचएफवर किंवा १५५४ वर बोलायचं आणि बोट किनाऱ्याकडे वळवायची. डिझेलचा हिशोब नंतर करता येतो.

म्हणून "कोंडून ठेवला की चार दिवसांत सुटेल" हा जो सल्ला घरोघरी दिला जातो त्याला आमचा विरोध आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. सुरुवातीचे काही दिवस मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत आणतात. सुकाणू हळूहळू मधे आणावं तसं. सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या शांत करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतः दुकानातून आणून महिनोन् महिने खायच्या नाहीत, त्यांचीही सवय लागते.

हा झाला पहिला आठवडा. खरी लढाई त्यानंतर सुरू होते, कारण अंगातली दारू गेली तरी मनातली जात नाही. इथे दुसऱ्या प्रकारची औषधं येतात. नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी आहे. पिल्यावर मेंदूत जी मजेची लहर उठते ती या गोळीने अडते. प्याला तरी पूर्वीसारखं "चढत" नाही, मग हळूहळू ओढ कमी होते. अमेरिकेत १९९४ सालापासून ही गोळी दारूच्या व्यसनावर मान्य आहे. आपल्याकडेही मिळते, पण चिठ्ठीवर. आधी लिव्हर तपासतात. आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: जाळी ओढून पाठ धरली की काही जण ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेतात. त्यांच्यासोबत नाल्ट्रेक्सोन चालत नाही, त्रास होतो. डॉक्टरपासून ते लपवू नका. अकॅम्प्रोसेट म्हणून दुसरी गोळी आहे, ती दारू सुटल्यानंतरची मेंदूची तगमग कमी करते.

गोळीने सगळे सुटतात का? नाही. २०२३ साली ११८ अभ्यासांचा एकत्र हिशोब 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात असं दिसतं की रोज ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन ११ जणांना दिली तर त्यातला एक असा निघतो, जो गोळीअभावी पुन्हा बेसुमार पिऊ लागला असता. अकरात एक! ऐकून कोणी म्हणेल, एवढंच? आम्ही म्हणतो, त्या एकाच्या घरात जाऊन विचारा. पण हेही खरं की बाकीच्यांचं काम नुसत्या गोळीवर भागत नाही.

तिसरी गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसाने दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. माणसाला पूर्ण माहीत असेल, त्याची संमती असेल आणि डॉक्टर पाठीशी असतील तरच ती द्यायची. "नकळत दारू सोडवा" म्हणून पावडरी विकल्या जातात, त्यांत काय असतं देव जाणे. काही घरांत तर ही गोळीच कुटून डाळीत किंवा हुमणात मिसळतात. बायांनो, तुमचा जीव किती त्रासलेला असतो ते आम्हाला दिसतं. पण हे करू नका. हृदय कमजोर असलेला माणूस त्यात दगावू शकतो. गोळी बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. आणि जो समजून-उमजून ती घेतो त्याने व्हिनेगर घातलेले पदार्थ आणि दारूचा अंश असलेली खोकल्याची औषधंही टाळायला सांगतात. आपल्या गोव्याच्या स्वयंपाकात व्हिनेगर किती ते सांगायला नको.

आता ध्यानाकडे येऊ. ध्यान म्हणजे थोतांड असं आम्ही म्हणत नाही. उलट यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपल्या इगतपुरीहून गोएंका गुरुजींची विपश्यना जगभर गेली, ती अमेरिकेत सिएटलच्या एका तुरुंगातही पोचली. तिथल्या विद्यापीठातले ॲलन मार्लट नावाचे मानसशास्त्रज्ञ व्यसनावर काम करत होते. दहा दिवसांचं शिबिर केलेले कैदी सुटल्यानंतर तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी दारू-ड्रग्ज घेतात असं त्यांच्या पाहणीत दिसलं. २००६ मध्ये ते छापून आलं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग बांधला. २०१४ साली २८६ लोकांवरचा अभ्यास आला, त्यात वर्षभरानंतर या वर्गातले लोक इतर पद्धतींपेक्षा कमी दिवस बेसुमार पीत होते. पण हे २८६ जण आधी सुरुवातीचे उपचार पूर्ण करून आले होते. मेसेजमध्ये नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

मार्लट जी युक्ती शिकवायचे ती आपल्याला वेगळी शिकवायची गरज नाही. ते म्हणत, तलफ ही लाट आहे, तिच्यावर स्वार व्हा. मोठी लाट आली की आपण काय करतो? पाठ दाखवत नाही आणि आडवी होडीही घालत नाही. तोंड लाटेकडे ठेवतो, लाट उचलते आणि खाली सोडते. तलफ आली की बसायचं. कुठे जाणवते ते बघायचं, घशात, छातीत की हातांत? श्वास येतो-जातो तो बघायचा. तलफेशी भांडायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही. बहुतेक वेळा ती चढते आणि अर्ध्या तासाच्या आत उतरते. दहा वेळा उतरलेली बघितली की अकराव्या वेळी भीती कमी असते. यात देव-धर्माचा प्रश्न नाही, देवळात जाणाऱ्याने करावं, इगर्जीत जाणाऱ्यानेही करावं. कोणी म्हणतात, जाळं विणणं हेच आमचं ध्यान. तसं असेल तर आनंद आहे, पण हात जाळ्यावर आणि मन बारमध्ये असंही आम्ही पुष्कळ पाहिलंय.

राहिला "वायरिंग बदलतं" हा दावा. कुठलीही सवय लागली किंवा सुटली की मेंदूचं काम बदलतं, त्यात नवल नाही. पोरगा सुकाणू धरायला शिकतो तेव्हाही बदलतं. दारू सुटल्यावर आक्रसलेला मेंदू काही महिन्यांत बराचसा भरून येतो, हेही तपासण्यांत दिसलेलं आहे. पण २०२२ साली विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी दोनशेहून जास्त निरोगी लोकांच्या मेंदूचे फोटो काढले, तेव्हा आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूच्या रचनेत फरक पडलेला त्यांना दिसला नाही. म्हणजे ध्यानाचा उपयोग होतो, पण मेंदूत नवी वायर टाकली असं कोणी सांगून तीन हजार रुपये मागत असेल तर खिसा सांभाळा. आमच्या समजुतीप्रमाणे गोळी लाटेची उंची कमी करते आणि ध्यान लाटेवर बसायला शिकवतं. थरथरणाऱ्या माणसाला ध्यानाला बसवणं म्हणजे वादळात पोहायला शिकवणं. त्याला आधी किनाऱ्यावर आणा.

आणि तिसरी गोष्ट आहे बोलणं. इथलंच उदाहरण आहे. आपल्या गोव्यातच 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी फार तर चार बैठका बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा बोलणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोक मागच्या १४ दिवसांत एक थेंबही प्याले नव्हते, दुसऱ्या गटात १८ टक्के. हे लोक जास्त पिणारे होते, पण पूर्ण दारूच्या आहारी गेलेले नव्हते हे लक्षात घ्या. म्हणजे सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. कोणाला काय लागतं ते तपासणारा ठरवेल, जेटीवरचे आपण नाही.

आता यादीतून नाव काढण्याबद्दल. काही मालक चांगली ट्रिप झाली की स्वतःच्या हाताने बाटली देतात आणि तोच खलाशी चौथ्या महिन्यात पडला की त्याला उतरवतात. हे चालणार नाही. ज्याचं काम गेलं त्याच्या हातात पिण्याशिवाय काय उरतं? आणि ओडिशा-झारखंडहून आलेली पोरं तर बोटीवरच राहतात, त्यांचं घर म्हणजे ती बोटच. बाटलीऐवजी तेवढेच पैसे त्याच्या खात्यात टाका. रोज पिणाऱ्याला लांबच्या ट्रिपला न्यायचं नाही हे आम्हालाही मान्य आहे, पण तोवर त्याला किनाऱ्यावरचं काम द्या. जाळ्यांचं, बर्फाचं, तोलाचं. उपचार चालू असल्याचा कागद असेल तर त्याची जागा राखून ठेवा.

बंदीचे ६१ दिवस यासाठी वर्षातले सगळ्यात चांगले दिवस आहेत. पहिला आठवडा औषधाने पार पडला की पुढे जवळजवळ आठ आठवडे हातात राहतात, ध्यानाचा वर्गही तेवढाच असतो. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे व्यसनाचे उपचार होतात. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, दोन्ही सरकारी आणि फुकट. मधेच एखाद्याचा पाय घसरला तर गोळी बंद करू नका, इस्पितळात परत जा.

यादीतून नाव काढण्याच्या सूचनेऐवजी, उपचार घेणाऱ्या खलाशाची जागा १ ऑगस्टपर्यंत राखून ठेवावी असा ठराव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. मालकांनी मोकळेपणाने बोलावं, विरोध असला तरी चालेल. ज्याला बांबोळीला जायचं आहे आणि सोबत कोणी नाही त्याने सकाळी ९ ते १ मध्ये कार्यालयात यावं, सोबत माणूस देऊ. नाव वहीत लिहिलं जाणार नाही.