जखम भरण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इमान अहमद या इजिप्शियन महिलेवर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिचे वजन किती होते आणि किती उतरले, याचे आकडे वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचले. लठ्ठपणावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो, हे ग्रामीण महाराष्ट्रातील अनेकांना त्या बातम्यांतूनच प्रथम समजले असावे. आता पलूससारख्या तालुक्याच्या गावातूनही पुण्या-कोल्हापुरास जाऊन ही शस्त्रक्रिया करून आलेली माणसे भेटू लागली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. तेव्हा अशा रुग्णांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे.

या शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. उसाचे बिल, दागिने, भावकीकडून उसनवार, अशा मार्गांनी तो उभा केला जातो. परंतु रुग्णालयाशी जो हिशेब ठरतो तो शस्त्रक्रियेचा आणि तेथे काढावयाच्या तीन-चार दिवसांचा. जखम भरते ती त्यानंतर, घरी. शस्त्रक्रियेच्या जागी होणारा जंतुसंसर्ग बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो, म्हणजे रुग्ण घरी येऊन स्थिरस्थावर झाल्यावर. तज्ज्ञ मंडळी असा संसर्ग मोजताना सामान्यत: ३० दिवसांची मुदत धरतात. उलट, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च धरला जातो तो १५ दिवसांचा. ही विशिष्ट शस्त्रक्रिया त्या योजनेतून होवो वा न होवो, मापातील ही तफावत आपल्या एकूण विचारपद्धतीची द्योतक आहे. ठोक रकमेच्या व्यवहारात रुग्णाला लवकर घरी पाठविण्यात रुग्णालयाचा फायदा असतो आणि नंतर जखम चिघळली तर तिचा बोजा कुटुंबावर पडतो. ज्याच्या हाती दक्षता आहे त्याच्यावर तोट्याचा भार नाही, अशी ही व्यवस्था आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिचा परिणाम सांगता येईल.

‘दुर्बिणीतून केले, पाच भोके आहेत, त्यात काय पिकायचे?’ असे नातेवाईक म्हणतात. दुर्बिणीमुळे जखमेचा संसर्ग पूर्वीच्या मोठ्या छेदापेक्षा खूपच कमी झाला, हे खरे आहे. तथापि स्थूल माणसाच्या कातडीखालील चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. त्यामुळे तेथे प्राणवायू कमी पोहोचतो आणि औषधही कमी पोहोचते. म्हणूनच प्रतिजैविकाची मात्रा वजन पाहून ठरवावी लागते. सेफाझोलिनसारखे औषध सामान्यत: २ ग्रॅम देतात, तर १२० किलोंच्या वरच्या रुग्णास ३ ग्रॅम. जठराचा जो तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापला जातो तो ज्या भोकातून बाहेर ओढतात, ते भोक पिकण्याचा संभव अधिक. शिवाय खरी मोठी जखम आतच असते. जठराला पिनांची लांब शिवण असते आणि ती क्वचित उसवते. नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर जाऊन तसेच राहणे, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळा, धाप, ताप ही त्याची लक्षणे. वरचे टाके कोरडे दिसत असले तरी अशा वेळी गावातल्या दवाखान्यात सुई घेऊन थांबणे जिवावर बेतू शकते. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथेच, रात्र असली तरी, निघाले पाहिजे. जखमेच्या बाबतीतही दुखणे दिवसेंदिवस कमी न होता वाढणे, लाली पसरणे, घाण वासाचा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर सर्जनला कळविलेच पाहिजे.

शस्त्रक्रियागृहात काय व्हावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगून ठेवले आहे. आधी साबणाने स्वच्छ आंघोळ, वस्तऱ्याने केस न काढणे (आवश्यकच असेल तर कातरयंत्राने काढणे), छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत प्रतिजैविक, आणि शस्त्रक्रिया आटोपल्यावर केवळ खबरदारी म्हणून ते लांबवीत न राहणे. आदल्या रात्री वस्तरा फिरविण्याची रीत ज्या रुग्णालयात अजून असेल, तेथे रुग्णाने त्याबद्दल विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आणि गावी आल्यावर ‘लवकर भरून यावे’ म्हणून मेडिकलमधून आणखी कॅप्सूल आणून खाणे हे तर निव्वळ नुकसान होय. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. त्यांतील कित्येकांनी या शस्त्रक्रियेनंतर, विशेषत: बायपास झाला असेल तर, आत व्रण होतो.

परंतु आपल्या भागापुरते बोलावयाचे तर मला अधिक चिंता वाटते ती मिश्रीची. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट-विडी ओढता का?’ आमच्याकडची बाई ‘नाही’ म्हणते, आणि ते अक्षरश: खरे असते. ती दिवसातून तीन-चार वेळा भाजलेली तंबाखू दातांना लावते, हे ना कोणी विचारते, ना ती सांगते. तंबाखूतील निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखमेचा पुरवठा तोडते. धूम्रपान शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे सोडले तर गुंतागुंती कमी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. निकोटिन रक्तात धुरातून गेले काय किंवा हिरड्यांतून गेले काय, रक्तवाहिनीला त्याचा भेद कळत नाही. सासूसमोर मिश्रीचे नाव काढणे अवघड जाते म्हणून सून गप्प राहते, हेही मी पाहिले आहे. हा प्रश्न नावानिशी, मराठीत आणि एकांतात विचारला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट पथ्याची. टाके असलेल्या माणसाला डाळ, अंडी देऊ नयेत, ‘पू धरतो’, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाही. मग भाताची पेज आणि वरणावरचे पाणी चालू होते. जखम भरण्यासाठी शरीराला लागतात प्रथिने. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगितली जातात आणि उरलेल्या जठरात एका वेळी मावते जेमतेम वाटीभर. पेजेने ती वाटी भरली तर प्रथिनांना जागा उरत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढीच. म्हणजे डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमाने, आधी द्रव आणि मग मऊ अन्न घेताना, प्रत्येक घोटाचा हिशेब ठेवावा लागतो. भिलवडीच्या दुधाचे नाव राज्यभर असलेल्या या तालुक्यात, घरचे दूध डेअरीला घालून रुग्णाला पेज पाजावी, हा विरोधाभास मला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आढळला नाही. रुग्ण स्त्री असेल तर तिचा वाटा कमी आणि आठव्या दिवशी धारा काढायला बसणेही तिलाच. मधुमेह असेल तर रक्तातील साखर आटोक्यात राहणे जखमेसाठी अगत्याचे आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर साखर वेगाने उतरते, तेव्हा गोळ्यांची जुनी मात्रा डॉक्टरांस न विचारता चालू ठेवणे धोक्याचे ठरते.

हळदीबद्दल लिहिताना जपून लिहावे लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. परंतु स्वयंपाकघरातील डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती भाजीत घालावी, टाक्यांवर नको. तेल, राख, तूप यांचीही तीच गत. जखम कोरडी व स्वच्छ ठेवणे, डॉक्टरांनी सांगितल्यावर साध्या पाण्याने आंघोळ करून हलक्या हाताने टिपणे आणि हात धुतल्याखेरीज तिला स्पर्श न करणे, एवढे पुरते. नदीत वा विहिरीत डुंबणे टाके निघाल्यानंतरही काही आठवडे नको.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये या शस्त्रक्रियेच्या विम्याच्या अटी प्रमाणित केल्या. देहभारांक ४० असला, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार अथवा आटोक्याबाहेरचा मधुमेह यांसारखी गंभीर व्याधी असली, तर तिचा विचार होतो. आत जाण्याची दारे अशी ठरली. बाहेर पडल्यानंतरच्या महिन्याबद्दलही असेच काही ठरले पाहिजे. ठोक रकमेतच तीस दिवसांतील तपासण्या, मलमपट्टी आणि संसर्ग झाल्यास त्याचा उपचार धरावा, आणि तीस दिवसांअखेर किती रुग्णांच्या जखमा चिघळल्या हा आकडा प्रत्येक रुग्णालयाने जाहीर करावा, अशी मागणी अवाजवी ठरू नये. मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले, तेव्हापासून या परिसराने सर्जनच्या सुरीवर विश्वास टाकला आहे. घरी पाठविताना मराठीत लिहिलेले एक कार्ड आणि आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेला एक निरोप, एवढी अपेक्षा त्या विश्वासाच्या मानाने अल्पच म्हणावी लागेल.

राहता राहिली तारीख. ही शस्त्रक्रिया अपघातासारखी अंगावर येऊन आदळत नाही, तिचा दिवस निवडता येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या आमच्या गावांचे रस्ते दिवसचे दिवस बंद होते. ब्रह्मनाळ, भिलवडी, अंकलखोपच्या रुग्णाने जुलै-ऑगस्टमधली तारीख का घ्यावी? दिवाळीनंतरची घेतली तर मधले महिने मिश्री सोडण्यास आणि साखर उतरविण्यास मिळतात.