अंगठ्याचं ऑपरेशन, पण धार कोण काढणार?

वारणा खोऱ्यात घर चालतं दूध आणि उसावर. धार काढताना, कोयता धरताना सारा भार अंगठ्याच्या मुळाशी येतो. तिथली कूर्चा झिजली की बरणीचं झाकणही फिरत नाही. पट्टा, गोळ्या, इंजेक्शन यांनी भागलं नाही, तरच शस्त्रक्रिया. ट्रॅपेझियम हे छोटं हाड काढण्याची पद्धत १९४९ पासूनची. त्या जागी कंडरा गुंफल्याने जास्त गुण येतो, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. गुंतागुंत मात्र वाढते. युरोपात कल कृत्रिम सांध्याकडे आहे. हात लवकर चालतो, पण सांधा सैल झाला तर पुन्हा ऑपरेशन. हाड काढल्यावर ताकद परतायला मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा, आणि तेवढे दिवस गोठा कोण सांभाळणार हेही घरात बोला.