आधी लेन्स, मग बॉडी

कार्तिकी एकादशी झाली की नर्मदेच्या दोन्ही तीरांवर परिक्रमावासी पुन्हा दिसू लागतात. चातुर्मासात चालायचे नाही हा परिक्रमेचा नियम, त्यामुळे निघणाऱ्यांची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि त्याच सुमारास आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: सोबत कॅमेरा कोणता न्यावा? विचारणारे नवखे नसतात. लग्नाच्या सीझनमध्ये दोन-दोन बॉडी अंगावर वागवणारे असतात, ताडोब्यात बीन बॅगवर लांबलचक लेन्स टेकवून बसणारे असतात. आपल्याला वजनाची सवय आहे, असे या मंडळींना मनापासून वाटते. पण लग्नात गाडी हॉलच्या दारात उभी असते, आणि ताडोब्यात जिप्सीला चाके असतात.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. ती उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, दोन्ही तीरांनी चालायचे. भरभर चालणाऱ्यालाही यात काही महिने जातात. आता आपल्यातल्या अनेकांच्या नेहमीच्या संचाचा हिशेब करू. निकॉन डी८५० बॅटरी-कार्डासह १००५ ग्रॅम, २४-७० एफ/२.८ व्हीआर १०७० ग्रॅम, ७०-२०० एफ/२.८ ची एफएल आवृत्ती १४३० ग्रॅम. साडेतीन किलो झाले, आणि यात चार्जर, जादा बॅटऱ्या, फिल्टर, बॅग काहीच धरलेले नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण, पाणी, औषधे यांच्या जोडीला हे वजन चढले की कॅमेरा सॅकच्या तळाशी जातो. तळाशी गेलेला कॅमेरा नेला काय आणि न नेला काय!

आज आपण फुल फ्रेम म्हणून जिचा अभिमान बाळगतो, ती ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट लोकप्रिय झाली तीच वजन टाळण्याच्या धडपडीतून. जर्मनीतल्या लाइट्झ कारखान्यातले ऑस्कर बार्नाक दम्याचे रुग्ण होते. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नव्हते, म्हणून त्यांनी सिनेमाची फिल्म आडवी फिरवणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत तो लायका म्हणून लोकांपुढे आला. त्याच चौकटीसाठी आपण आज किलोकिलोच्या लेन्स उचलतो.

बहुतेकांचा खरेदीचा क्रम इथेच चुकतो. आधी हलकी बॉडी शोधली जाते आणि मग तिच्यावर जुनीच लेन्स चढते. वजन मात्र बॉडीत कमी आणि लेन्समध्ये जास्त असते. सोनीची ए७सी टू ही फुल फ्रेम बॉडी बॅटरी-कार्डासह ५१४ ग्रॅमची आहे. तिच्यावर २४-७० एफ/२.८ जीएमची दुसरी आवृत्ती, म्हणजे ६९५ ग्रॅम, लावली की बाराशेच्या पुढे गेलात. तिच्यावरच १६७ ग्रॅमची २८-६० एफ/४-५.६ लावली तर ६८१. आता फुजीची एक्स-ई४ आणि १८-५५ एफ/२.८-४ घ्या: ३६४ आणि ३१०, एकूण ६७४. ओएम सिस्टिमची ओएम-५ आणि १२-४५ एफ/४ प्रो घ्या: ४१४ आणि २५४, एकूण ६६८. सेन्सर तीन आकारांचे, पण काटा एकाच जागी थांबतो!

मग प्रश्न उरतो तो एवढाच की याच वजनात कोण काय देते. फुल फ्रेमचा सेन्सर फुजीच्या एपीएस-सीपेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून मोठा, म्हणजे सुमारे सव्वा स्टॉपचा फायदा. पण सोनीची ही छोटी लेन्स जवळपास तेवढीच मंद आहे. रात्रीच्या उजेडात दोन्ही संच साधारण एकाच पातळीवर येतात आणि फुल फ्रेमसाठी मोजलेले जादा पैसे या लेन्सवर वसूल होत नाहीत. शिवाय ६० मिलिमीटरला पोहोच संपते. फुजी ८४ पर्यंत जाते, ओएम-५ ची लेन्स २४ पासून ९० पर्यंत. घाटावर अंतर राखून कुणाचे पोर्ट्रेट घ्यायचे तर ६० आणि ९० यांत फार फरक पडतो. (स्नान करणाऱ्या बायाबापड्यांवर लेन्स रोखू नये, हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये. तरी सांगतो.)

ओएम-५ चा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर फुल फ्रेमपेक्षा जवळजवळ दोन स्टॉप मागे आहे, हे मान्य. तिचे स्टॅबिलायझेशन देवळातली मूर्ती आणि समई हातात धरून टिपू देते, पण आरती ओवाळणारा हात ते थांबवू शकत नाही. त्यासाठी पॅनासॉनिकची २० मिलिमीटर एफ/१.७ जवळ ठेवावी. ८७ ग्रॅमची ती लेन्स शर्टाच्या खिशात राहते. एकूण वजन ७५५ ग्रॅम.

तरीही आमचा कौल ओएम-५ लाच, आणि त्याचे कारण सीलिंग. परिक्रमेच्या वाटेवर शेतातली बारीक माती आहे, पहाटेचे दव आहे, आणि नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून पैलतीरी नेणारी होडी आहे. भरतीच्या वेळेवर सुटणाऱ्या त्या होडीत खारे तुषार अंगावर येतात. ओएम-५ आणि १२-४५ या जोडीला धूळ-पाण्याचे संरक्षण आहे, एक्स-ई४ ला आणि १८-५५ ला नाही. शिवाय एक्स-ई४ आता सेकंडहँडच शोधावी लागते. महिनोन्‌महिने उघड्यावर वावरणाऱ्याला एका स्टॉपपेक्षा धूळ न शिरणे मोलाचे. प्रवास रेल्वेचा आणि शहरांचा असेल तर मात्र आम्ही बिनदिक्कत फुजी सुचवू.

वीस मेगापिक्सेल पुरतील का, ही शंका दरवेळी निघते. ५१८४ बाय ३८८८ पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला सव्वासतरा इंच रुंद छापता येते. आमच्या अंकाची दोन पाने त्यात आरामात बसतात.

चार्जिंगचा विचार मुक्कामाच्या जागा पाहून करावा. आश्रमात एक प्लग आणि त्याभोवती दहा मोबाइल, अशी परिस्थिती असते. फोन, पॉवर बँक आणि कॅमेरा एकाच वायरवर चालले पाहिजेत. ओएम-५ ला जुने मायक्रो-यूएसबी आहे, तिच्या मार्क टू आवृत्तीला टाइप-सी. याच एका कारणासाठी मार्क टू घ्यावी. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड स्केचबुक घेऊन नर्मदाकाठी चालले. त्यांना ही चिंता नव्हती. बॅकअपसाठी लहान एसएसडी पुरे. कार्डे पुसून पुन्हा वापरण्यापेक्षा जास्तीची बाळगा, त्यांना वजन नसते.

यंदा निघणार असाल तर एक विनंती. नवा संच निघण्याच्या आदल्या आठवड्यात विकत घेऊ नका. आजच भाड्याने किंवा मित्राकडून आणा, सॅक पूर्ण भरा, आणि सलग तीन-चार दिवस रोज वीस किलोमीटर चालून पाहा. चौथ्या दिवशी कॅमेरा अजून हातात असेल, तरच पैसे मोजा.