आरंभशूरांचा देश?

एखादे राष्ट्र मागे राहिले की त्याचे कारण तेथील लोकांच्या स्वभावात शोधण्याची रीत जुनी आहे. फिलिपाइन्सच्या बाबतीत तर हे आरोपपत्र फिलिपिनो विचारवंतांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘निंगास कुगोन’ म्हणजे वाळलेल्या कुगोन गवताची आग. क्षणात भडकते आणि क्षणात विझते. आपण यालाच आरंभशूरता म्हणतो. ‘बाहाला ना’ म्हणजे होईल ते होईल. टोपलीतून वर चढणाऱ्याचे पाय ओढणाऱ्या खेकड्यांची उपमा तर तेथेही तितकीच प्रचलित आहे, जितकी आपण मराठी माणसांनी स्वतःसाठी केली आहे. १९८८ साली सिनेटर लेतीसिया रामोस-शहानी यांच्या पुढाकाराने सिनेटपुढे एक अहवाल आला. (ओळखीचे वाटणारे हे आडनाव त्यांच्या भारतीय पतीचे.) शिस्तीचा अभाव, कुटुंबापुरती दृष्टी, परकीय वस्तूंचे आकर्षण असे दोष त्यात नोंदवले होते; गुणांचीही नोंद होती.

परंतु हे दोष दारिद्र्याचे कारण आहेत की परिणाम? होसे रिझाल यांनी १८९० साली माद्रिद येथील ‘ला सोलिदारिदाद’ या पाक्षिकात नेमका हाच प्रश्न हाताळला. देशबांधवांत आळस आहे, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र तो दुरवस्थेचे मूळ नसून तिचे फळ आहे, असे त्यांनी दाखवले. स्पॅनिश सत्ता येण्यापूर्वी ही बेटे चीनशी आणि शेजारच्या प्रदेशांशी व्यापार करीत होती. पुढे सक्तीची वेठबिगार आली. ती दीर्घकाळ वर्षाला ४० दिवसांची होती. पिकवलेले आपल्याच घरात राहील याची शाश्वती नसेल, तर अधिक पिकवण्याची उमेद कोठून यावी?

हाच प्रश्न आजच्या हिशेबाच्या वहीतही तपासता येतो. फिलिपाइन्सच्या गल्लोगल्ली ‘सारी-सारी’ नावाची छोटी किराणा दुकाने आहेत. तेथे शाम्पूची एक पुडी, एक सिगारेट, वाटीभर तेल अशी ‘तिंगी’ म्हणजे सुटी विक्री चालते. सुटे घेणे महाग पडते, हे ग्राहकाला ठाऊक असते. परंतु हाती रोजचीच कमाई असेल तर महिन्याचा किराणा भरणार कसा? दुकानदारही भांडवलासाठी अनेकदा ‘फाइव्ह-सिक्स’ कर्ज घेतो. पाच घ्यायचे, सहा फेडायचे. पाच हजार पेसो घेऊन रोज दोनशेप्रमाणे तीस दिवस भरले, तर महिन्याचे व्याज २० टक्के होते. मुद्दल रोज घटत असल्याने खरा दर त्याहून बराच जास्त पडतो. या धंद्यात भारतीय सावकार पुष्कळ. ते मुख्यतः पंजाबी असले तरी स्थानिक लोक त्यांना ‘बुंबाय’, म्हणजे मुंबईवाले म्हणतात!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जो मनुष्य इतक्या चढ्या दराचा हप्ता रोजच्या रोज फेडतो, त्याला बेशिस्त कसे म्हणावे? त्याच मोहल्ल्यात ‘पालुवागान’ चालते, ते आपल्या भिशीचेच भावंड. बचतीची वृत्ती आहे. उणीव होती ती दाराशी येणाऱ्या बँकेची. २०१७ साली शासनाने महिन्याला कमाल २.५ टक्के व्याजाची कर्जयोजना आणली. औपचारिक खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण २०१९ मध्ये २९ टक्के होते. मोबाइल पाकिटांचा प्रसार झाल्यावर २०२१ मध्ये ते ५६ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत स्वभाव पालटत नाही. सोय मात्र पालटू शकते.

दुसरा पुरावा देशाबाहेरचा आहे. हेच फिलिपिनो जहाजांवर खलाशी आणि परदेशी रुग्णालयांत परिचारिका म्हणून नावाजले जातात. २०२३ मध्ये त्यांनी मायदेशी सुमारे ३३.५ अब्ज डॉलर पाठवले. आळस रक्तात असता, तर तो त्यांच्यासोबत समुद्र ओलांडून गेला असता.

मग सवयींना काहीच दोष नाही का? आहे, परंतु तो कोणाच्या सवयींना द्यायचा, हे पाहिले पाहिजे. १९८७ च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला मनाई केली आणि तिची व्याख्या कायद्यावर सोपवली. पुढे अनेक दशके संसदेने तसा सर्वसाधारण कायदा केला नाही, कारण सभागृहात बसलेले बहुसंख्य स्वतःच घराण्यांचे प्रतिनिधी. कुटुंबनिष्ठा गरिबाच्या घरी आधार ठरते. सत्तेच्या खुर्चीवर तीच निष्ठा राष्ट्राची वाट अडवते. गरिबाची सवय सोय झाली की सुटते. ज्या सवयीतून बलवानाला लाभ होतो, ती मात्र आपोआप सुटत नाही.

व्यापारी कुटुंबांना हा विचार परका वाटू नये. बँकेच्या नोकरीत एक धडा पक्का मिळाला: थकबाकीदाराला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या हप्त्याची तारीख आणि उत्पन्नाची तारीख जुळते का, हे पाहावे. दुकानातील नोकर उशिरा येतो, उधारीचे गिऱ्हाईक टाळाटाळ करते, तेव्हा आधी त्याचा पगार कोणत्या दिवशी होतो, गाडी किती वाजता येते, याची चौकशी करावी. आणि पेढीचा कारभार पुढल्या पिढीकडे सोपवताना, मुलगा आपला आहे म्हणून की लायक आहे म्हणून, हाही प्रश्न तितक्याच प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा.